अल्ट्रालाइट की लाइट स्पोर्ट? फरक दिसण्यात नाही, आकड्यांत आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखादे छोटे विमान शेतात उतरले, विजेच्या तारांत अडकले किंवा पडले की बातमीत ते सरसकट ‘अल्ट्रालाइट’ होऊन जाते. दुसरीकडे ‘अमेरिकेत लायसन्सशिवाय उडवता येणारे विमान’ अशा चित्रफिती मोबाइलवर फिरत असतात. या दोन्हींमुळे वाचकाची समजूत अशी होते की लहान, हलके आणि उघडे विमान म्हणजे अल्ट्रालाइट आणि त्याला कुठलाच कायदा लागत नाही. ही समजूत धोक्याची आहे. तिच्या भरवशावर तिकडची मराठी मंडळी जुनी विमाने विकत घेतात आणि इकडची तरुण मुले असले काहीतरी आपल्या शेतावरून उडवण्याची स्वप्ने पाहतात. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

चित्रफितींत दिसते ती ‘अल्ट्रालाइट’ ही कायदेशीर वर्गवारी अमेरिकेतली. सत्तरच्या दशकात तिथे हँग ग्लायडरला, म्हणजे ज्याला लटकून उडतात त्या कापडी पंखाला, छोटी इंजिने बसवायला सुरुवात झाली. पायांनी धावत उड्डाण करता येते तोवर ते ‘विमान’ नाही, असा त्या वेळचा ढोबळ हिशेब होता. मग लोकांनी चाके लावली, आसन लावले, इंजिने मोठी केली आणि हा हिशेब कोलमडला. तेव्हा फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनने, म्हणजे एफएएने, ‘पार्ट १०३’ हा नियम आणला. ऑक्टोबर १९८२ पासून तो लागू आहे आणि त्यातले मूळ आकडे आजही तेच आहेत.

हे आकडे असे. बसणारा एकच. वापर फक्त खेळ आणि हौस यांसाठी. इंजिन असेल तर रिकामे वजन २५४ पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे ११५ किलोंपेक्षा कमी. इंधनाच्या टाकीची क्षमता ५ अमेरिकन गॅलन, म्हणजे १८.९ लिटरपेक्षा जास्त नाही. पूर्ण थ्रॉटल देऊन, म्हणजे इंजिन पूर्ण जोरात चालवून, सरळ पातळीत उडताना वेग ५५ नॉटपेक्षा, म्हणजे ताशी सुमारे १०२ किलोमीटरपेक्षा जास्त जाता कामा नये. इंजिन बंद असताना स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्याखाली पंख विमानाला तोलू शकत नाहीत तो वेग, २४ नॉटपेक्षा, म्हणजे ताशी सुमारे ४४ किलोमीटरपेक्षा जास्त नको. इंजिन नसेल तर वजन १५५ पौंडांपेक्षा, म्हणजे ७० किलोंपेक्षा कमी. त्यामुळे कामशेतच्या डोंगरावरून उडतात तसली पॅराग्लायडर अमेरिकेत याच नियमाखाली येतात, आणि पाठीवर पंखा बांधून उडायचे पॅरामोटरही.

या सगळ्या अटी एकदम पाळल्या तर ते यंत्र कायद्याने ‘विमान’ न राहता ‘अल्ट्रालाइट वाहन’ ठरते. त्याला नोंदणी लागत नाही, हवाईयोग्यतेचे प्रमाणपत्र लागत नाही. चालवणाऱ्याला परवाना, वैद्यकीय तपासणी, वयाची किंवा अनुभवाची अट नाही. चित्रफितींत हेच सांगतात आणि ते खोटे नाही. त्यात जे सांगत नाहीत ते हे, की वरीलपैकी एक अट जरी मोडली तरी सूट अर्धी राहत नाही, सगळीच्या सगळी जाते. यंत्र त्या क्षणी ‘नोंदणी नसलेले विमान’ होते आणि चालवणारा ‘परवाना नसलेला वैमानिक’. ‘दहा पौंडच जास्त आहे’ हा बचाव तिथे चालत नाही. शिवाय पुराव्याचे ओझे उडवणाऱ्यावर आहे. एफएएने मागणी केली तर वाहन तपासू द्यावे लागते आणि ते पार्ट १०३ मध्येच बसते याचे समाधानकारक पुरावे आपण द्यायचे असतात.

वजनाच्या अटीपाशी सगळ्यात जास्त लोक घसरतात, म्हणून तिच्याकडे नीट पाहू. नियमातला शब्द ‘पेक्षा कमी’ असा आहे, त्यामुळे काट्यावर बरोबर २५४ भरले तरी ते बसत नाही. रिकामे वजन म्हणजे इंधन आणि माणूस सोडून सगळे: सांगाडा, पंखांचे कापड, इंजिन, प्रोपेलर, चाके, आसन, पट्टे, बॅटरी, गेज. आणीबाणीत उघडणारी विमानाची पॅराशूट आणि पाण्यावर उतरण्याचे फ्लोट मात्र यातून वगळतात. एफएएच्या मार्गदर्शक परिपत्रकाप्रमाणे पॅराशूटसाठी २४ पौंड आणि प्रत्येक मुख्य फ्लोटसाठी ३० पौंड धरतात. म्हणजे पॅराशूट लावलेले यंत्र काट्यावर २७७ पौंड भरले तरी कायदेशीर असू शकते. पॅराशूटच नसेल तर ही सवलत दुसऱ्या कशासाठी वापरता येत नाही.

आता कारखान्यातून २४८ पौंडांचे म्हणून आलेले किट, म्हणजे सुटे भाग जोडून बांधायचे विमान, घ्या. बांधणाऱ्याला दोरी ओढून इंजिन चालू करायचा कंटाळा येतो, तो इलेक्ट्रिक स्टार्टर आणि बॅटरी बसवतो. मग ब्रेक येतात, खडबडीत धावपट्टीसाठी जाड टायर येतात, वारा लागू नये म्हणून पुढे काच आणि फायबरचे टोपण येते, कापडावर रंगाचा हात फिरतो. प्रत्येक गोष्ट दोन-चार किलोंचीच, पण सहा पौंडांची शिल्लक पहिल्याच वस्तूला संपलेली असते. म्हणून वजन जाहिरातीतले धरायचे नाही. इंधन पूर्ण काढून, यंत्र सपाट जमिनीवर उड्डाणाच्या पातळीत आणून, तिन्ही चाकांखाली एकाच वेळी काटे ठेवून मोजायचे, तिन्ही आकडे बेरजेसह लिहून ठेवायचे आणि काट्यांसकट फोटो काढायचा. जुने यंत्र घेताना विक्रेत्याकडे हा कागद नसेल तर स्वतः तोलल्याशिवाय पैसे देऊ नयेत. इंजिनावरूनही अंदाज येतो. रोटॅक्स ९१२ हे चार-स्ट्रोक इंजिन लाइट स्पोर्ट विमानांत, म्हणजे अल्ट्रालाइटच्या वरच्या, नोंदणी लागणाऱ्या वर्गातल्या छोट्या विमानांत, सर्रास दिसते, पण त्याचे एकट्याचे वजन साठ किलोंच्या आसपास जाते. परवानगीचे निम्मे वजन इंजिनातच गेल्यावर उरलेल्या पंचावन्न किलोंत पंख, सांगाडा आणि चाके बसवणे जवळपास अशक्य आहे. ते इंजिन दिसले की समजावे, हे पार्ट १०३ चे काम नाही.

टाकीच्या बाबतीत गैरसमज वेगळा आहे. अट किती इंधन भरता याची नाही, टाकीत किती मावते याची आहे. दहा गॅलनची टाकी निम्मी भरून उडणे नियमात बसत नाही, आणि तळाशी राहणारे, वापरता न येणारे इंधनही क्षमतेत धरतात. वेगाचेही तसेच. ‘मी पन्नासनेच उडवतो’ याला अर्थ नाही, पूर्ण थ्रॉटलला ते किती पळते हे महत्त्वाचे. आणि हे नॉट गेजवर दिसणारे नव्हेत, गेजची चूक दुरुस्त केल्यानंतरचे आहेत. स्वस्त गेज कमी वेगाला बरेच चुकते, म्हणून नुसते गेज पाहून २४ नॉटचा निर्णय करता येत नाही.

स्टॉलची अट खरे तर पंखाचे क्षेत्रफळ ठरवून टाकते. २५४ पौंडांचे यंत्र, १७० पौंडांचा माणूस आणि ३० पौंड इंधन मिळून एकूण २०६ किलो झाले. जाड कापडी पंख जेमतेम १.६ इतका उत्थापन गुणांक (पंखाच्या उचलण्याच्या ताकदीचे माप) देतो असे धरले, तर २४ नॉटला हे वजन उचलायला साधारण साडेतेरा चौरस मीटर पंख हवा. वेग वाढावा म्हणून कोणी पंख नऊ चौरस मीटरवर आणला, तर स्टॉल २९ नॉटच्या वर जातो आणि यंत्र अल्ट्रालाइट राहत नाही. सुबक, बारीक पंखांचे आणि जमिनीवरही चपळ दिसणारे एकआसनी विमान पाहिले की हा हिशेब करून पाहावा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळते.

या आकड्यांमागे एक ठाम विचार आहे आणि मला तो पटतो. २०६ किलो वजन २४ नॉटने जमिनीला भिडले तर ऊर्जा सुमारे १६ किलोज्यूल होते. लाइट स्पोर्टच्या जुन्या व्याख्येतले ६०० किलो वजन ४५ नॉटने भिडले तर ती सुमारे १६० किलोज्यूल, म्हणजे दहापट. खाली असलेल्या तिऱ्हाइताला, ज्याने कुठलाही धोका पत्करायचे कबूल केलेले नाही, किती इजा होऊ शकते याची मर्यादा आधी बांधून घेतली आणि मग उडवणाऱ्याला मोकळे सोडले. म्हणूनच दाट वस्तीवरून किंवा लोक जमलेल्या उघड्या जागेवरून उडायला सरसकट मनाई आहे, कितीही उंचावरून असले तरी. सूर्योदय ते सूर्यास्त एवढीच वेळ. त्याच्या अलीकडे-पलीकडे अर्धा तास, तोही तीन मैलांवरून दिसणारा दिवा असेल आणि आकाश अनियंत्रित असेल तर. विमानतळाच्या नियंत्रित हवाई क्षेत्रात आधी परवानगी घेतल्याशिवाय शिरायचे नाही. जमीन सतत डोळ्यांना दिसत राहिली पाहिजे. आणि समोर कुठलेही विमान आले तर वाट अल्ट्रालाइटनेच द्यायची.

दोन अटी साध्या वाटतात, पण त्यांत लोक हमखास अडकतात. दुसरे आसन बसवलेले असेल तर एकट्याने उडवले तरी ते अल्ट्रालाइट नाही. आणि ‘हौस आणि खेळ’ याचा अर्थ पैसे घेऊन फोटोग्राफी नाही, फवारणी नाही, जाहिरातीचा फलक ओढणे नाही.

प्रशिक्षणाची सक्ती नाही, इथे मात्र माझे मत नियमापेक्षा वेगळे आहे. हलक्या आणि वाऱ्याला अडणाऱ्या यंत्राचे इंजिन चढताना बंद पडले तर वेग दोन-तीन सेकंदांत संपतो. नाक ताबडतोब खाली दाबावे लागते. मोठी विमाने चालवलेली माणसेही इथे फसतात, कारण त्यांच्या हाताला सवय जड विमानाची असते. दोन-स्ट्रोक इंजिन बंद पडण्याची कारणेही ठरलेली आहेत: हवेच्या मानाने इंधन कमी पडून मिश्रण पातळ झाले, थंड इंजिनाला एकदम पूर्ण थ्रॉटल दिला, किंवा तेलाचे प्रमाण चुकले. पन्नासास एक प्रमाण असेल तर १८.९ लिटर पेट्रोलला ३७८ मिलिलिटर तेल लागते. ते मापाने घालायचे असते, अंदाजाने नव्हे. दोनआसनी विमानात प्रशिक्षकाबरोबर शिकल्याशिवाय कोणीही एकआसनीत बसू नये.

आता लाइट स्पोर्ट. हा वर्ग १ सप्टेंबर २००४ पासून आला आणि तो पूर्णपणे विमानांचा आहे. जुनी व्याख्या अशी होती: जास्तीत जास्त दोन आसने, उड्डाणाच्या वेळचे वजन १३२० पौंड म्हणजे ६०० किलो, पाण्यावरच्या विमानाला १४३० पौंड म्हणजे ६५० किलो, कमाल वेग १२० नॉट, फ्लॅप (पंखामागची, उतरताना खाली सोडायची पट्टी) न वापरता स्टॉल ४५ नॉट, एकच पिस्टन इंजिन, चाके न मिटणारी. इथे वजन भरलेल्या विमानाचे आहे, अल्ट्रालाइटमध्ये रिकाम्याचे. दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना करणाऱ्या बातम्या याच ठिकाणी चुकतात. लाइट स्पोर्टला शेपटीवर ‘एन’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा, प्रमाणपत्र हवे, वर्षाला तपासणी हवी आणि चालवणाऱ्याकडे किमान स्पोर्ट पायलट परवाना हवा. त्यासाठी किमान वीस तास उड्डाण, त्यात पंधरा प्रशिक्षकाबरोबर आणि पाच एकट्याने.

कारखान्यात तयार झालेले ‘स्पेशल’ लाइट स्पोर्ट भाड्याने देता येते, त्यात शिकवता येते, पण उत्पादकाच्या लेखी संमतीशिवाय त्यात साधा बदलही करता येत नाही. ‘एक्सपेरिमेंटल’ लाइट स्पोर्टमध्ये मालकाला बदल करता येतात, आणि सोळा तासांचा अभ्यासक्रम केला की आपल्याच विमानाची वार्षिक तपासणीही करता येते. जुना बाजार पाहणाऱ्यांनी एक तारीख लक्षात ठेवावी: ३१ जानेवारी २००८. त्याआधी दोन आसनांची, नोंदणी नसलेली ‘प्रशिक्षण अल्ट्रालाइट’ विशेष सवलतीखाली उडत. त्यांना एक्सपेरिमेंटल लाइट स्पोर्ट म्हणून नोंदवून घेण्याची मुदत त्या दिवशी संपली. आज कोणी दोन आसनांचे, क्रमांक नसलेले यंत्र स्वस्तात देऊ केले तर ते उडवण्याचा कायदेशीर मार्ग बहुधा उरलेला नसतो.

हे चित्रही आता बदलते आहे. जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेल्या ‘मोझेक’ या नियमाने २२ ऑक्टोबर २०२५ पासून स्पोर्ट पायलटला चालवता येणारी विमाने वजनावर न ठरवता स्टॉलच्या वेगावर ठरवली: फ्लॅपशिवाय ५९ नॉटपर्यंत. आसने चारपर्यंत चालतात, पण प्रवासी एकच. त्यामुळे वजनाने लाइट स्पोर्टबाहेर राहिलेले सेस्ना १५० आणि चार आसनांचे सेस्ना १७२ स्पोर्ट पायलटच्या आवाक्यात आले. नव्या लाइट स्पोर्ट विमानांच्या प्रमाणपत्राचे नियम बदलण्याची तारीख २४ जुलै २०२६. त्यांत वजनाची मर्यादाच नाही. म्हणजे ‘सहाशे किलोपर्यंतचे ते लाइट स्पोर्ट’ हे वाक्य अमेरिकेपुरते जुने झाले. पार्ट १०३ ला मात्र या बदलांनी हात लावलेला नाही.

तिकडे नोकरीनिमित्त असलेल्या मराठी वाचकांसाठी तीन गोष्टी. नोंदणी क्रमांकाचे विमान स्वतःच्या नावावर करायला अमेरिकन नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागते, एच-१बी व्हिसावर ते होत नाही. नागरिक नसलेल्यांना स्पोर्ट पायलटचे शिक्षण सुरू करण्याआधीच वाहतूक सुरक्षा विभागाची, म्हणजे टीएसएची, मंजुरी घ्यावी लागते. आणि वैद्यकीय प्रमाणपत्राऐवजी ड्रायव्हिंग लायसन्स चालते ते अमेरिकेतले, भारतातले नव्हे. तेही तुमचा शेवटचा वैद्यकीय अर्ज नामंजूर झालेला नसेल तरच. ‘बघू तर खरे’ म्हणून वैद्यकीय अर्ज करणारे आणि त्यात नापास होणारे हा सोपा मार्गही गमावून बसतात.

सध्या गाजणाऱ्या विजेवरच्या ‘उडत्या गाड्या’, जेटसन वन किंवा हेलिक्स, याही पार्ट १०३ मध्ये बसतील अशा बेताने बनवल्या आहेत. त्यांना गॅलनची अट लागत नाही, पण बॅटरी यंत्राचाच भाग असल्याने तिचे वजन रिकाम्या वजनात येते. उड्डाण काही मिनिटांतच का आटोपते याचे उत्तर बरेचसे या २५४ पौंडांत आहे.

आणि आपल्याकडे? भारतात पार्ट १०३ सारखी सूटच नाही. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नियमांत ४५० किलोपर्यंतचे ते मायक्रोलाइट आणि त्यापुढे ६०० किलोपर्यंतचे ते लाइट स्पोर्ट, आणि दोन्हींना ‘व्हीटी’ने सुरू होणारी नोंदणी लागते, दोन्हींच्या वैमानिकाला परवाना लागतो. एनसीसीच्या हवाई शाखेतले छात्र ज्यात उडतात ती व्हायरस एसडब्ल्यू विमाने मायक्रोलाइट आहेत. अमेरिकेत तीच, दोन आसने आणि वेग पाहता, अल्ट्रालाइट कदापि ठरणार नाहीत. युरोपात आणखी वेगळे: तिथे अनेक देशांत ६०० किलोंचे दोनआसनी विमानही अल्ट्रालाइट किंवा मायक्रोलाइट म्हणून नोंदवतात. म्हणून जर्मनीतली बातमी अमेरिकेच्या व्याख्येने आणि अमेरिकेतली बातमी आपल्या व्याख्येने वाचू नये. मुंबई-दिल्लीचे पोलीस वेळोवेळी काढतात त्या मनाई आदेशांत ड्रोनच्या जोडीला पॅराग्लायडर आणि मायक्रोलाइटही असतात, त्यामुळे अमेरिकेतून किट मागवून गावाकडच्या शेतात उडवू पाहणाऱ्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो. स्वतः बांधायचेच असेल तर किती चिकाटी लागते हे कांदिवलीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादव यांच्या उदाहरणावरून महाराष्ट्राला ठाऊक आहे. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ठेवलेल्या त्या विमानाला नोंदणी २०१७ मध्ये आणि उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये मिळाली.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. विमान अमेरिकेतले असेल आणि फोटोत शेपटीवर किंवा अंगावर ‘एन’चा क्रमांक दिसत असेल, तर त्याला अल्ट्रालाइट लिहू नये. तो क्रमांक एफएएच्या नोंदवहीत कोणालाही फुकट पाहता येतो आणि प्रमाणपत्र स्टँडर्ड, लाइट स्पोर्ट की एक्सपेरिमेंटल, हे तिथे दिलेले असते. भारतातले असेल तर ‘व्हीटी’चा क्रमांक घ्यावा आणि मायक्रोलाइट की आणखी काही, हे डीजीसीएकडून विचारून घ्यावे. क्रमांक मिळत नसेल तर ‘एकआसनी छोटे विमान’ किंवा ‘दोनआसनी छोटे विमान’ एवढेच लिहिले तरी बातमी बरोबर राहते.

आपला,
एक विमान देखभाल अभियंता, पुणे